चेरीला बारमाही करू नका

जपानमध्ये 'किमोनो पोलीस' नावाची एक जमात आहे. त्यांना वर्दी नाही, पगार नाही, कुणी नेमणूकही केलेली नाही. मे महिन्याच्या उकाड्यात एखादी मुलगी बिनअस्तराचा किमोनो घालून बाहेर पडली, की रेल्वे स्टेशनवर नाहीतर नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर कुणी अनोळखी प्रौढ बाई तिला गाठते, बाही चिमटीत धरून कापड पाहते आणि सुनावते, की बिनअस्तराचे दिवस जूनपासून, आज तारीख काय आहे? कधी ओबीची, म्हणजे किमोनोवरच्या रुंद कमरपट्ट्याची, गाठ न विचारता ओढून सारखी केली जाते. कधी नक्षीवर बोट ठेवलं जातं: विस्टेरियाचे घोस आता कसे, त्यांचे दिवस सरले. असे अनुभव जपानी मुली समाजमाध्यमांवर इतक्या वेळा लिहू लागल्या, की गेल्या काही वर्षांत हे टोपणनावच रूढ झालं. त्यावरची प्रतिक्रियाही ठरलेली. नियम हवेत कशाला? किमोनो म्हणजे कपडाच ना? मग हवा तेव्हा, हवा तसा घालू. नोव्हेंबरात अंगावर चेरीची फुलं का नकोत, आणि जानेवारीत सूर्यफूल का नको?

दोन्हीकडचे लोक तावातावाने भांडतात, पण एक गोष्ट दोघांनीही गृहीत धरली आहे: नियम हा एकच गठ्ठा आहे, ठेवायचा तर सगळा आणि फेकायचा तर सगळा. माझा आक्षेप नेमका तिथे आहे. या गठ्ठ्यात दोन वेगळ्या गोष्टी एका दोरीने बांधल्या आहेत. एक कापडाचा नियम: अस्तर केव्हा, बिनअस्तर केव्हा, झिरझिरीत विणीचं केव्हा. दुसरा नक्षीचा: चेरी केव्हा, आयरिस केव्हा, मॅपलची पानं केव्हा. पहिला नियम खुशाल मोडा; तो मोडायलाच हवा. दुसरा मोडलात, तर हाती उरेल तो एक सुंदर, महागडा आणि मुका झगा.

आधी कापडाचं पाहू, कारण ते लवकर आटोपतं. आजचा रूढ नियम असा: ऑक्टोबर ते मे अस्तराचा 'आवासे', जून आणि सप्टेंबरात बिनअस्तराचा 'हितोए', जुलै-ऑगस्टमध्ये 'रो' आणि 'शा' ही हवेशीर कापडं. बदलाच्या तारखा १ जून आणि १ ऑक्टोबर. हे हजार वर्षांचं आहे असं पहारेकरी मंडळी छातीठोकपणे सांगतात. त्यात थोडं तथ्य आहे. हेइआन काळातल्या (आठव्या शतकाच्या अखेरीपासून बाराव्या शतकापर्यंत) दरबारात वर्षातून दोनदा, चौथ्या आणि दहाव्या महिन्याच्या पहिल्या तारखेला, वस्त्रं बदलली जात. एदो काळात (१६०३ ते १८६८) शोगुनच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशाच्या, राजवटीने त्याचे चार बदल केले: चौथ्या महिन्याच्या १ तारखेपासून अस्तराचं, पाचव्या महिन्याच्या ५ तारखेपासून तागासारख्या धाग्याचं बिनअस्तर, नवव्या महिन्याच्या १ तारखेला पुन्हा अस्तर, आणि ९ तारखेपासून आत कापूस भरलेलं. पण हे महिने जुन्या चांद्रसौर पंचांगाचे. १८७३ च्या १ जानेवारीपासून, शोगुनची राजवट संपवून सम्राटाच्या नावाने आलेल्या मेइजी सरकारने पाश्चात्त्य कॅलेंडर लागू केलं आणि सगळे सण ऋतूवरून घसरले. तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवसाचा पीच-फुलांचा सण आता ३ मार्चला येतो, तेव्हा पीच फुललेलं नसतं. नवव्या महिन्याच्या नवमीचा शेवंतीचा सण ९ सप्टेंबरला येतो, तेव्हा शेवंतीचा पत्ता नसतो. आणि १ जून, १ ऑक्टोबर या तारखा कुठून आल्या? त्याच मेइजी सरकारने अधिकारी, सैनिक आणि पोलीस यांना पाश्चात्त्य धर्तीचे गणवेश दिले, त्यांच्या उन्हाळी-हिवाळी पोशाखासाठी ठरवलेल्या तारखा त्या. म्हणजे किमोनो पोलीस ज्या नियमाची राखण करतात, तो नियम खऱ्याखुऱ्या पोलिसांच्या कोट-पाटलोणीबरोबर आला आहे.

इथे दुसरी बाजू लगेच टाळी वाजवते: पाहा, परंपरा नाहीच, सगळं कालपरवाचं! ही घाई मला मान्य नाही. एखादी रीत नवी आहे एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. नवरात्रातले नऊ दिवसांचे नऊ रंग आपल्या डोळ्यांदेखत वर्तमानपत्रांनी छापून छापून रूढ केले. पण म्हणून मुंबईच्या लोकलमधला बायकांचा डबा एका सकाळी एकाच रंगाचा झालेला असतो, तो आनंद नकली असतो का? रीत किती जुनी, हा प्रश्न इतिहासाचा आहे. ती आज काय करते, हा प्रश्न वेगळा. कापडाच्या नियमाला या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, म्हणून तो जायला हवा. अंगाला थंडी-वारा मानवावा यासाठी जो नियम केला, तो पाळून मे महिन्यात अंगाची लाही होत असेल, तर त्याचं प्रयोजनच उलटलं. जपानच्या हवामान संस्थेच्या १८९८ पासूनच्या नोंदींत २०२३ चा उन्हाळा सर्वांत उष्ण ठरला, २०२४ ने त्याची बरोबरी केली आणि २०२५ ने दोघांनाही मागे टाकलं. सप्टेंबर आता शरद राहिलेला नाही. २००५ मध्ये जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने 'कूल बिझ' मोहीम काढून सरकारी बाबूंच्या गळ्यातले टाय सोडवले, तेव्हा देश बुडाला नाही. मग अस्तर दोन आठवडे आधी काढलं तर बुडणार आहे? अनेक किमोनो शिक्षकही आता मे महिन्यात हितोए चालतो असं उघड सांगतात. हा किल्ला ढासळलेलाच आहे. त्यावर चढाई करण्यात फारसं शौर्य नाही.

नक्षीचं तसं नाही. तिथे वाद करायचा तर हजार वर्षं मागे जावं लागतं, आणि तिथे खरोखर हजार वर्षं आहेत. हेइआन काळातल्या दरबारी बायकांच्या वस्त्रांवर आजच्यासारखी चित्रं नव्हती, रंगच बोलत. एकावर एक चढवलेल्या वस्त्रांच्या कडा बाहीशी आणि पायघोळाशी बोटभर दिसत, आणि त्या रंगांच्या मेळाला नावं होती: लाल उमे, चेरी, विस्टेरिया, शेवंती, 'बर्फाखाली'. उमे म्हणजे जपानी प्लमचं फूल, थंडी सरायच्या आत फुलणारं. साधारण इसवी सन १००० च्या सुमारास दरबारातली सेइ शोनागोन आपल्या 'माकुरा नो सोशी' या टिपणवहीत मनाचा विरस करणाऱ्या गोष्टींची यादी करते. भर दिवसा भुंकणारा कुत्रा. हिवाळ्यातलं मासे धरायचं कूड वसंतातही तसंच उभं असलेलं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घातलेलं लाल उमेच्या रंगमेळाचं वस्त्र. बैल मेलेला गाडीवान. ही यादी मी पुन्हा पुन्हा वाचतो. त्यात बंदी नाही, दंड नाही, कुणाची बाही ओढणं नाही. वेळ टळून गेलेली गोष्ट अंगावर वागवणारी बाई तिला कीव येण्याजोगी वाटते, एवढंच. ती खवचट आहे, मोठ्या घरच्या नाकाने बोलते, हे मान्य. पण ती ज्याच्याकडे पाहते आहे ते पंचांग नाही. तिला खटकतं ते असं, की त्या बाईचं बाहेर लक्षच नाही.

नक्षीतला ऋतू म्हणजे हवामानाचा अहवाल नव्हे, ही गोष्ट दोन्ही पक्ष विसरतात. उन्हाळ्यातला एक चांगला किमोनो जवळून पाहा. कापड 'रो' आहे: ठरावीक ओळींनंतर ताण्याचे धागे एकमेकांना पीळ देऊन मध्ये बारीक झरोक्यांची एक आडवी पट्टी सोडलेलं रेशीम. बाई चालली की त्या झरोक्यांतून आतलं पांढरं वस्त्र हलताना दिसतं. आणि या ऐन जुलैतल्या कापडावर काय रंगवलेलं असतं? सुसुकीचे तुरे, हागीच्या लवलेल्या डहाळ्या, किक्योची जांभळी घंटाफुलं, त्यावर दवाचे थेंब. ही सगळी शरदाची. आठव्या शतकातल्या यामानोउए नो ओकुरा या कवीने 'मान्योशू' या जुन्या काव्यसंग्रहात शरदाची सात फुलं मोजून ठेवली, त्यांतली ही. उन्हाळ्यात ती अंगावर येतात कारण उन्हाने कावलेल्या डोळ्यांना गारव्याची चाहूल हवी असते. याहून गंमत म्हणजे 'युकिवा', बर्फाच्या स्फटिकाची गोल आकृती. ती भर उन्हाळ्याच्या कापडांवरही सर्रास येते. बर्फ ऑगस्टमध्ये! कुणी हवामानाच्या नावाने बोंब ठोकत नाही, कारण इथे बर्फ म्हणजे तापमान नव्हे, इच्छा आहे. तेव्हा 'हवामान बदललं, आता ऋतूची नक्षी कशाला' हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटला तरी नेम चुकलेला आहे. नक्षी कधी थर्मामीटरला बांधलेली नव्हतीच. ती होती वाट पाहण्याला बांधलेली.

चेरीचंच घ्या. जुना संकेत असा, की चेरीच्या फांदीचा किमोनो कळ्या फुगू लागल्या की घालावा आणि झाडं बहरली की ठेवून द्यावा. खऱ्या फुलाशी बरोबरी करू नये. यात तारीख कुठे आहे? क्योतोतल्या चेरीच्या बहराच्या नोंदी रोजनिशांतून आणि दरबारी दप्तरांतून गोळा केल्या, तर त्या बाराशे वर्षांपलीकडे जातात. २०२१ साली बहर तोवरच्या सगळ्या नोंदींत सर्वांत आधी आला, २६ मार्चला. मग संकेत मोडला का? अजिबात नाही. किमोनो चार दिवस आधी पेटीतून निघेल, इतकंच. १ जूनचा नियम झाडाकडे पाहू देत नाही. चेरीचा संकेत झाडाकडे पाहिल्याशिवाय पाळताच येत नाही. एकाला आंधळेपण लागतं, दुसऱ्याला डोळे. या दोघांना एकाच 'जाचक नियम' या शब्दाखाली कोंबणं म्हणजे सुक्याबरोबर ओलंही जाळणं.

आता विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा, ज्याला पहारेकरी कधीच उत्तर देत नाहीत. ऋतू अंगावर मिरवणं ही श्रीमंतांची चैन आहे. चेरीच्या फांदीचा हाताने रंगवलेला रेशमी किमोनो वर्षातून दोन-तीन आठवडे घालायचा, मग आयरिसचा वेगळा, हागीचा वेगळा, हिमाने वाकलेल्या बांबूचा वेगळा. ज्याच्या घरी कापूर घातलेल्या पेट्यांची उतरंड आहे त्याचाच हा खेळ. जी मुलगी जुन्या कपड्यांच्या दुकानातून एकच किमोनो घेऊन आली, तिला 'आज हा नाही' म्हणणं म्हणजे 'तू नाही' म्हणणं आहे. आणि हा सगळा काच बायकांनाच. पुरुषांचा किमोनो बहुधा एकरंगी, गडद. त्यांना रस्त्यात कुणी अडवत नाही. त्यांच्यातले हौशी लोक हाओरीच्या, म्हणजे किमोनोवर घालायच्या अंगरख्याच्या, अस्तरावर चित्र काढून घेत आणि ते आतल्या आत मिरवत. हा मुद्दा खरा आहे आणि मी तो कमी करून दाखवणार नाही. सेइ शोनागोनच्या यादीतसुद्धा हा वर्गाचा वास येतोच.

पण तो खरा मानूनही पुढचा प्रश्न उरतो: गरिबाला ऋतू नव्हता का? किमोनो हा कपडा कसा शिवतात ते पाहिलं की उत्तर मिळतं. सुमारे बारा मीटर लांब आणि सदतीसेक सेंटिमीटर रुंद असा एकच अखंड पट्टा. त्याचे सरळ, काटकोनी तुकडे पाडायचे, गोलाई काही काढायची नाही, कापड वाया घालवायचं नाही. त्यामुळे शिवण उसवली की तुकडे पुन्हा पट्टा होतात. तसे ते जोडून धुवायचे, ताणून वाळवायचे, परत शिवायचे. एदोतल्या, म्हणजे आजच्या तोक्योतल्या, चाळींतली माणसं वसंतात आतला कापूस काढत आणि अस्तर ठेवत, उन्हाळ्याच्या तोंडावर अस्तरही उसवत, शरदात सगळं परत भरत. एकच कपडा वर्षभर रूपं बदलत राही. अर्थात ते उसवणं-शिवणं घरातल्या बायकांच्या बोटांवर होतं, तेव्हा या चित्रावर फार गुलाबी रंग चढवू नये. तरी एवढं नक्की, की ऋतूप्रमाणे बदलणं ही फक्त कपाट भरलेल्यांची गोष्ट नव्हती. आणि नक्षीपुरतं म्हणाल, तर ऋतू आणायला अख्खा किमोनो लागतोच कुठे? रेघांचा किंवा बारीक ठिपक्यांचा एक साधा किमोनो बारा महिने चालतो. गळ्याशी दोन बोटं दिसणारी पट्टी, ओबीवरचं काजव्याच्या आकाराचं एखादं लेणं, हातातला रुमाल, एवढ्यात ऋतू मावतो. थोड्या पैशांत ऋतू अंगावर आणायची युक्ती जपानी बायकांना आधीच ठाऊक आहे. शिक्षकांनी ती पहिल्या धड्यात सांगायला हवी. सांगितली जाते ती तारखांची कोष्टकं.

ही कोष्टकं कुठून आली, तेही पाहायला हवं. युद्धानंतर रोजचा किमोनो सुटला, आईकडून मुलीकडे जाणारं ज्ञान थांबलं, आणि १९६० च्या दशकापासून ते विकत शिकवणाऱ्या शाळा निघाल्या. यामानाका नोरिओ यांची सोदो ही शाळा १९६४ सालची. शाळा नसत्या तर आज कदाचित किमोनो कसा बांधायचा हेही कुणाला आलं नसतं, तेव्हा त्यांना सरसकट झोडपण्यात अर्थ नाही. पण शाळा आली की अभ्यासक्रम येतो, अभ्यासक्रम आला की परीक्षा, आणि परीक्षेला हो-नाहीचं उत्तर लागतं. 'कळ्या फुगल्या की' हे परीक्षेत विचारता येत नाही. '१ जून' विचारता येतं. घरात जी नजर होती ती वर्गात नियम झाली. आज रस्त्यात बाही ओढणारी बाई अनेकदा त्याच वर्गातली हुशार विद्यार्थिनी असते.

मोकळीकवाल्यांचा आणखी एक आवडता दाखला म्हणजे 'मेइसेन'. तायशो आणि सुरुवातीच्या शोवा काळातलं, म्हणजे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं, हे स्वस्त रेशीम. इसेसाकी, चिचिबू, आशिकागा या गावांत विणलेलं, शाळकरी मुलींपासून दुकानांतल्या सेविकांपर्यंत सगळ्यांच्या अंगावर. त्यावर गुलाब होते, ट्यूलिप होते, डेलिया होते, युरोपातल्या चित्रशैलींचे भडक कोन आणि वर्तुळं होती. त्याच्याही आधी, एदो काळात, भारताच्या कोरोमांडेल किनाऱ्यावरून डच जहाजांनी नेलेलं छापील सुती कापड 'सारासा' नावाने तिथे जिवापाड जपलं गेलं, आणि मद्रासजवळच्या सान थोमेच्या नावावरून ओळखली जाणारी रेघांची सुती कापडं एदोतल्या छानछोकी लोकांनी डोक्यावर घेतली. रेघांना कुठला ऋतू? सारासातल्या वेलींना कुठला महिना? खरंच आहे. एदोतल्या सामान्य माणसाचा रोजचा कपडा बहुतेक रेघा, चौकडी आणि बारीक ठिपके यांचाच होता.

पण यातून सिद्ध काय होतं? एवढंच, की किमोनोकडे बिनऋतूची भाषाही होती आणि आहे. लाटांच्या अर्धवर्तुळांचं 'सेइगाइहा', तागाच्या पानांचं 'आसानोहा', वेलबुट्ट्या, रेघा: वर्षभर घाला, कुणी काही म्हणणार नाही. मेइसेनवाल्यांनीही चेरी उचलून नोव्हेंबरात लावली नाही. त्यांनी नवी फुलं आणली. जुन्या अक्षरांचा अर्थ पुसणं आणि नवी अक्षरं घडवणं यांत फरक आहे. नवं करायचं असेल त्याला मैदान मोकळं आहे आणि ते नेहमीच मोकळं होतं. १६८३ मध्ये शोगुनच्या सरकारने सोन्याची जर, भरतकाम आणि अंगभर बांधणी यांवर बंदी घातली, तेव्हा कारागिरांनी नक्षी सोडून दिली का? पुढच्या काही वर्षांत भाताच्या खळीने रेघ आखून आत रंग भरण्याचं यूझेन तंत्र असं फोफावलं, की कापडावर चित्रासारखं चित्र काढता येऊ लागलं, आणि ऋतू कधी नव्हे इतका बारकाव्याने अंगावर आला. बंधन आलं म्हणून भाषा मेली नाही. भाषा मरते ती कुणालाच अर्थ माहीत नसला की.

अर्थ म्हणजे काय, तेही एकदा दाखवतो. तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात ओगाता कोरिनने स्वतः रंगवलेला एक कोसोदे, म्हणजे आजच्या किमोनोचा पूर्वज, आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला एदोच्या फुकागावा भागातल्या फुयुकी नावाच्या लाकूड व्यापाऱ्याच्या बायकोसाठी केलेला. पांढऱ्या रेशमावर शेवंती, हागी, किक्यो आणि सुसुकी, शाईच्या आणि निळ्याच्या फिक्या-गडद छटांत; भरतकाम नाही, सोनं नाही. कोरिन त्या काळातला नावाजलेला चित्रकार, व्यापारी धनाढ्य. मनात आणलं असतं तर डोळे दिपवता आले असते. त्याने काढलं शरदातलं रान. हा झगा वसंतात घातला तर कायदा मोडत नाही, पण मग ती फुलं नुसती फुलं राहतात. तसंच पाण्यातल्या आयरिसजवळून गेलेल्या फळ्यांच्या वाकड्यातिकड्या पुलाचं. चित्रात माणूस नसतो. पण ज्याला 'इसे मोनोगातारी' हा हेइआन काळातला कथा-कवितांचा ग्रंथ ठाऊक आहे त्याला तिथे राजधानी सोडून पूर्वेकडे निघालेला, बायकोच्या आठवणीने आयरिसवर कविता रचणारा आणि सोबत्यांना रडवणारा प्रवासी दिसतो. नदीवरून वाहत जाणारी मॅपलची पानं म्हणजे तात्सुता नदी, आणि तिच्यावरची हेइआन कवी नारिहिराची कविता. ऋतू काढून घेतलात तर त्या कविताही निघून जातात. उरतो पूल, फळ्यांचा.

आता चेरी. ती बारमाही घालायला हरकत नाही असं म्हणणारे दुकानदार एक कारण नेहमी पुढे करतात: चेरी हे जपानचं राष्ट्रीय फूल, तिला ऋतूचं बंधन कसलं? हे मला सगळ्यांत जास्त खटकतं. चेरीला तिच्या दहा दिवसांतून उपटून राष्ट्राचं बारमाही चिन्ह करण्याचा प्रयोग जपानने एकदा केलेला आहे. १९३० च्या दशकात लहान मुलांच्या किमोनोंवर विमानं आणि रणगाडे छापले जात होते. ऑक्टोबर १९४४ मध्ये पहिल्या आत्मघाती हवाई तुकड्यांना नावं दिली शिकिशिमा, यामातो, आसाही, यामाझाकुरा. ही चारही नावं अठराव्या शतकातल्या मोतोओरी नोरिनागा या विद्वानाच्या, सकाळच्या उन्हात उजळणाऱ्या रानचेरीवरच्या कवितेतून उचललेली. १९४५ मध्ये माणसासकट आदळणाऱ्या रॉकेट-विमानाचं नाव होतं 'ओका', म्हणजे चेरीचं फूल. नोव्हेंबरात चेरी घालणारी मुलगी युद्धखोर आहे असं मी म्हणत नाही. तो बादरायण संबंध होईल. म्हणणं वेगळं आहे. ऋतूतली चेरी माणसाला सांगते की हे सरणार आहे, पाहून घ्या. ऋतूबाहेरची चेरी काहीच सांगत नाही, म्हणून तिच्या तोंडी कुणालाही काहीही घालता येतं. त्या वेळी सेनापतींनी घातलं, आज पर्यटन विभाग घालतो. दोन्हींची तुलना होऊ शकत नाही, हे उघडच आहे. पण फुलाला मुकं करण्याची पहिली पायरी दोन्हीकडे एकच.

ऋतूकडे पाहण्याची सवय सुटते आहे, हे फक्त कपड्यांपुरतं नाही. जपानची हवामान संस्था १९५३ पासून देशभर निसर्गाच्या खुणा टिपत आली: उगुइसू पक्ष्याची पहिली शीळ, पहिला काजवा, पहिला सिकाडा, चेरीचं उमलणं, मॅपलचं लाल होणं. २०२१ पासून तिने प्राण्या-पक्ष्यांची निरीक्षणं सगळी बंद केली आणि वनस्पतींतल्या फक्त सहा ठेवल्या: उमे, चेरी, हायड्रेंजिया, सुसुकी, गिंको आणि मॅपल. शहरं पसरली, पाहायचे प्राणीच सापडेनात, हे कारण योग्यच होतं. पण यादी पुन्हा वाचा. यातली जवळपास प्रत्येक वनस्पती किमोनोवर आहे. आणि ज्या काजव्याची नोंद सरकारने सोडली तो अजून जुलैतल्या एखाद्या ओबीवर चमकतो आहे. तो तिथूनही काढून 'आवडलं म्हणून' डिसेंबरात लावायचा?

राहिला बाजाराचा मुद्दा. १९८० च्या आगेमागे सुमारे १.८ लाख कोटी येनांचा असलेला किमोनोचा बाजार २०१५ च्या सुमारास ३० हजार कोटींवर आला, असं जपानच्या उद्योग मंत्रालयाचेच आकडे सांगतात. नियमांच्या धाकाने तरुण पळाले, म्हणून नियम काढा, असं उत्तर त्यावर दिलं जातं. धाकाने पळाले हे खरं, आणि त्याचं पाप किमोनो पोलिसांच्याच माथी आहे. एका मुलीला रस्त्यात पाणउतारा करून घरी पाठवली, की ती दहा जणींना सांगते. परंपरा वाचवायला निघालेल्यांनी इतकं मन लावून तिचा गळा दाबावा, हे अजब आहे. पण ऋतूने तरुण पळतात हे कशावरून? युकाताकडे पाहा. पातळ सुती, उन्हाळ्यापुरता, शोभेच्या दारूच्या जत्रांना घालायचा हा साधा प्रकार. त्यावर लाल गोल्डफिश, मॉर्निंग ग्लोरी, काजवे, आकाशात फुटणारं दारूकाम. वर्षातले जेमतेम दोन महिने चालणारा, ऋतूला सगळ्यांत घट्ट चिकटलेला हा कपडाच तरुणांमध्ये सगळ्यांत लाडका आहे. मुली आपणहून घालतात, स्वतः बांधतात, मुलंही घालतात. तो कुणी तपासत नाही, आणि तो कधी घालायचा हे कुणाला शिकवावंही लागत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात याचा याहून धडधडीत पुरावा कुठला हवा?

ऋतू प्रत्यक्षात कोण पुसतं आहे, ते या वादात कुणी विचारतच नाही. बंडखोर तरुणी नव्हेत. त्यांच्यातल्या कितीतरी जणी जुन्या बाजारातून शंभर वर्षांपूर्वीचे मेइसेन हुडकतात आणि नक्षीवर तासन्‌तास वाद घालतात. पुसतं आहे ते क्योतोच्या हिगाशियामा भागातलं भाड्याचं दुकान. पॉलिएस्टरवर यंत्राने छापलेली फिकट गुलाबी चेरी, बारा महिने, दांडीवर रंगाप्रमाणे लावलेली, कारण फोटोत गुलाबी उठून दिसतो. आपल्याकडून जाणारे पुण्या-मुंबईचे पर्यटकही तीच उचलतात. त्यांना दोष कसा द्यायचा, त्यांना कुणी काही सांगितलेलंच नसतं. त्यांना किमोनो घालू नका म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात जमणार नाही. घालावा, हौसेने घालावा. दुकानदाराने फक्त दांड्या रंगाऐवजी महिन्यांनी लावाव्यात आणि प्रत्येक दांडीवर दोन ओळी लिहाव्यात: ही फुलं कुठली, ती केव्हाची, आणि कुठल्या कवितेत आहेत. खर्च शून्य, सक्ती शून्य. नोव्हेंबरातल्या गिऱ्हाइकासमोर लाल मॅपल आधी येईल, आणि बहुतेक जण तेच घेतील, कारण बाहेर डोंगरही लाल झालेला असतो. तरीही कुणाला चेरीच हवी असेल तर तीही द्यावी. फक्त मार्चच्या दांडीवरून काढून द्यावी.